धाप कुठून येते

चिंगी अकरा वर्षांची, साडेचार किलोची, पांढरीशुभ्र. आणली तेव्हा पॉमेरेनियन म्हणून आणली. आमच्या नांदेड-लातूरकडे याच नावानं जी कुत्री घरोघर दिसतात, ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. चिंगीही त्यांतलीच असावी. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला ढास लागायला लागली. दाराची बेल वाजली, पट्ट्याला ओढ बसली, घाईनं पाणी प्यायली, की खोकायची. कोरडा, बदक ओरडावं तसा आवाज. शेवटी मान लांब करून ओकारी काढल्यासारखं करायची आणि थोडासा फेस टाकायची. आम्हाला वाटलं, घशात हाडूक अडकलं.

आमच्या घरात जनावरांचे डॉक्टर दोन. मामा लातूरला असतात. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्यांनी उभी नोकरी कंधार, मुखेड, देवणी या भागांत काढली. लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या छातीला कान लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांची धाकटी मुलगी उदगीरच्या महाविद्यालयात शिकली आणि आता नांदेडला कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. मामांना फोन केला तर ते म्हणाले, "म्हातारं, लहान चणीचं कुत्रं खोकतंय म्हणजे हृदय. छातीत पाणी होतंय. लॅसिक्स सुरू कर." धाकटीला विचारलं तर ती म्हणाली, "अक्का, एक गोळीही देऊ नकोस. घेऊन ये आधी." तिनं तपासलं, छातीचे एक्स-रे फोटो काढले, आणि एका फोटोत तिला मिरीपेक्षा थोडा मोठा पांढरा ठिपका दिसला. दोन वर्षांपूर्वी चिंगीच्या सडाजवळची गाठ काढली होती. त्या ठिपक्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

रविवारी आम्ही दोघी चिंगीला घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोहोचलो. पुढचं बोलणं मामांच्या पडवीतलं आहे. माझं त्यात फारसं काही नाही, मी ऐकत होते.

धाकटी : अण्णा, फोटो आणलेत. मोबाईलवर दाखवू का मोठे करून?

मामा : नंतर. आधी लेकराला खाली सोड. हात लावू नका कुणी.

मामा खुर्चीत बसून चिंगीकडे नुसते बघत राहिले. चिंगीनं कोपरे हुंगले, कूलरजवळ गेली, फरशीवर पोट टेकून बसली. पाचेक मिनिटं गेली असतील.

मामा : पोटाला झटका बसत नाही. कोपरं बाहेर काढून बसली नाही. मान लांब करत नाही. तोंड मिटून श्वास घेतेय. आजच्या आज मरणारं जनावर नाही हे.

धाकटी : हेच मीही बघते, अण्णा. दवाखान्यात टेबलावर घेण्याआधी. श्वास आत घेताना त्रास होतोय की बाहेर सोडताना, ते आधी पाहायचं. आत घेताना घरघर झाली तर दुखणं बहुधा गळ्यात, नरड्याजवळ. बाहेर सोडताना पोट दाबावं लागत असेल तर छातीच्या आतल्या नळ्या. भराभर आणि उथळ श्वास असेल तर फुप्फुसाबाहेर, बरगड्यांच्या आत पाणी किंवा हवा साठलेली असू शकते. आणि भराभर श्वासाबरोबर फुप्फुसात तडतड असेल, तर खुद्द फुप्फुस ओलं आहे.

मामा : मग भांडण कशाचं? कान लाव, हृदयाचा आवाज ऐक. ठोक्याबरोबर फुस्स येतंय की नाही?

धाकटी : येतंय. डाव्या बाजूला, खालच्या टोकाशी.

मामा : झालं तर. झडप गळतेय. लहान कुत्र्यांत म्हातारपणी होणारा हृदयाचा सगळ्यात नेहमीचा आजार तोच. खोकला, झडपेचा आवाज, वय. तीन खुणा जुळल्या की मी गोळी लिहितो.

धाकटी : इथंच माझं तुमच्याशी जमत नाही. झडप गळते म्हणजे फुप्फुसात पाणी झालं असं नाही. अशी गळकी झडप घेऊन कुत्री वर्षानुवर्षं सुखानं जगतात, आणि त्यातली कितीतरी भलत्याच कारणानं खोकतात. चिंगीचा खोकला ऐका, बदकासारखा आहे. श्वासनळीच्या कड्या मऊ पडल्या की नळी चपटी होते आणि असा आवाज येतो. लहान जातींत हेही म्हातारपणाचंच दुखणं आहे. दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असतात आणि दोष जातो तो हृदयाला, कारण त्याचा आवाज स्टेथोस्कोपच्या नळीतून ऐकू येतो.

मामा : नळी चपटी झाली म्हणून हृदय बरं आहे असंही नाही.

धाकटी : नाही ना. म्हणून तर ठोके मोजले. मिनिटाला शंभराच्या आसपास, आणि लयीत नाहीत. श्वास आत घेतला की जलद, सोडला की संथ. कुत्र्यात ही अनियमित लय निरोगीपणाची खूण आहे. हृदय हरायला लागलं की ते घाबरल्यासारखं धावतं, एकसारखं धावतं. श्वासाबरोबर डुलायला त्याला सवड नसते. तुम्हीच लावून बघा.

मामांनी नळी लावली. मिनिटभर डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात होकार होता, पण तोंडानं ते म्हणाले दुसरंच.

मामा : तू मला पुस्तक सांगतेस ते बरोबर आहे. पण मुखेडला रात्री अकरा वाजता कंदिलाच्या उजेडात म्हैस धापा टाकतेय, मालक पाया पडतोय, फोटोचं यंत्र परभणीला. तिथं औषध हीच तपासणी. दिलं, उतरलं, म्हणजे तेच होतं. नाही उतरलं तर दुसरं दिलं. अशी हजारो जनावरं उठून उभी राहिलीत.

धाकटी : आणि जी उठली नाहीत, ती कशानं गेली हे कळलं का, अण्णा?

यावर पडवीत थोडा वेळ फक्त कूलरचा आवाज होता.

धाकटी : मी उद्धटपणानं विचारत नाही. धाप लागून, जीभ निळी पडून कुत्रं दारात आलं तर मीही आधी ऑक्सिजन देते, शंका पाण्याची असेल तर लॅसिक्स टोचते, नावगाव नंतर विचारते. पण चिंगी चालत आली. तिला रोज लॅसिक्स दिलं असतं तर अंगातलं पाणी लघवीवाटे गेलं असतं, मूत्रपिंडावर ताण आला असता, आणि खोकला श्वासनळ्यांचा असेल तर आतला कफ सुकून अजून चिकट झाला असता. वर हा खोकला दोन दिवस आपोआपही कमी होतो. मग आपण म्हणालो असतो, बघा, औषध लागू पडलं.

मी मध्येच कबूल केलं, की सुरुवातीला मीच दोन दिवस मध-हळद सिरिंजनं तिच्या तोंडात सोडत होते.

मामा : (एकदम ताठ बसून) सिरिंजनं? मान वर धरून?

मी : थोडीशी.

मामा : अक्का, कंधारला बैल फुगला की लोक बांबूच्या नळीनं तेल पाजायचे. मान वर, जीभ हातात धरलेली. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. तेल सरळ फुप्फुसात. तेल तर ठसकासुद्धा लावत नाही, गुपचूप उतरतं. तीन दिवसांनी ताप, नाकातून घाण वास, आणि पुढं हातात काही राहत नाही. बैलाची फुप्फुसं एवढी मोठी असून ही गत. हिची छाती माझ्या तळहाताएवढी आहे.

धाकटी : कुत्र्यातही तेच होतं. घासातलं, औषधातलं किंवा उलटीतलं नळीत गेलं की ते बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या मधल्या पाळीत जाऊन बसतं. म्हणून मी फोटो दोन्ही कुशींवर काढते. उजव्या कुशीवर निजवलं की उजवं फुप्फुस वजनानं दबतं, त्यातली हवा कमी होते, आणि नेमका तिथला डाग दिसेनासा होतो. डाव्या कुशीवर निजवलं की उजवं फुप्फुस वर येऊन फुलतं. लोक म्हणतात, एका फोटोत भागत असताना डॉक्टर तीन का काढतात, पैशासाठी का. एकाच कुशीवरचा फोटो म्हणजे अर्धी छाती न बघताच घरी पाठवणं.

मामा : आणि मांडीवरच्या या जाड्या बाईला पूर्ण श्वास घ्यायला कोण सांगणार?

धाकटी : हा खरा प्रश्न आहे. चिंगीसारखी गुबगुबीत कुत्री श्वास सोडलेल्या क्षणी टिपली गेली, तर सगळं फुप्फुस पांढुरकं दिसतं आणि नसलेला न्यूमोनिया दिसतो. बटण दाबायचा क्षण छातीकडे बघून धरावा लागतो. हृदयाचंही तसंच. आपल्या जानवळकडच्या कारवानी कुत्र्याची छाती खोल, चिंगीची पिंपासारखी. नुसत्या नजरेनं हिचं हृदय नेहमीच मोठं वाटणार. १९९५ मध्ये बुकॅनन आणि ब्युखलर या दोघांनी त्यावर सोपी युक्ती काढली. हृदयाची लांबी आणि रुंदी घ्यायची, ती कुत्र्याच्या स्वतःच्याच पाठीच्या मणक्यांवर ठेवायची आणि किती मणके होतात ते मोजायचं. साधारण साडेआठ ते साडेदहा मणके चालतात, आणि पॉमेरेनियन, पग यांच्यात साडेदहाच्या थोडं वरही निरोगी असू शकतं. चिंगीचे दहा भरले.

मामा : मणक्यावर हृदय मोजायचं. चांगलंय हे. आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही.

मामांचा हा गुण मला लहानपणापासून आवडतो. चांगली गोष्ट समोर आली की ते तिला आपली-परकी म्हणत नाहीत.

धाकटी : मोजण्यानं किती फरक पडतो ते सांगते. २०१६ मध्ये एपिक नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ देशांतली ३६० कुत्री, झडप गळणारी, हृदय मोठं झालेली, पण अजून धाप न लागलेली. अर्ध्यांना पिमोबेंडन दिलं, अर्ध्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. औषधवाल्यांचं हृदय हरायला सरासरी १५ महिने उशीर झाला. लहान कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे काय, ते अक्काला विचारा. पण हा फायदा मोजून मोठ्या ठरलेल्या हृदयांना झाला. आवाज ऐकला आणि गोळी दिली, असं त्यात नव्हतं.

मामा : बरं. मग फोटो हाच देव का?

धाकटी : नाही.

तिनं चिंगीला मांडीवर घेतलं. पुढचं ती चिंगीच्या कानाशी खेळत बोलली.

धाकटी : माझ्या दवाखान्याचं पहिलं वर्ष. मे महिना. एक पग आला, सहा वर्षांचा, तोंड उघडं, डोळे मोठे झालेले. मला फोटो हवा होता, आणि चांगला हवा होता. छाती दोन्हीकडे सारखी यावी म्हणून त्याला पाठीवर उताणा धरला. दोघांनी पाय धरले. दहा सेकंदही झाले नसतील. फोटो चांगला आला. छातीत पाणी भरलेलं स्पष्ट दिसत होतं. तो फोटो मी मालकाला दाखवू शकले नाही, कारण तोवर दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मामा काही बोलले नाहीत. उठून आत गेले, पाण्याचा तांब्या आणला, तिच्यासमोर ठेवला.

धाकटी : आता धाप लागलेलं कुत्रं मी उताणं करत नाही. पोटावर, बसेल तसं, आणि तेही ऑक्सिजन देऊन, थोडं शांत करणारं औषध देऊन. कधी तासभर थांबून. त्याआधी सोनोग्राफी, ती उभ्या उभ्या होते. केस बाजूला सारून थोडं स्पिरिट लावायचं, दोन्ही बाजूंना चार-चार ठिकाणी यंत्र टेकवायचं. खरं तर हवेत सोनोग्राफीला काहीच दिसत नाही, लहरी परत फिरतात. पण फुप्फुस ओलं झालं की पृष्ठभागापासून खोलवर सरळ पांढऱ्या रेघा पडतात. कोरड्या फुप्फुसात त्या नसतात, असल्या तर एखादी. तीन मिनिटांत कळतं की फुप्फुस ओलं आहे की कोरडं, बाहेर पाणी साठलंय की नाही. त्या पगाला तेवढंच पुरलं असतं. सुईनं पाणी काढून त्याला श्वास देता आला असता.

मामा : रेघा दिसल्या तर पाणी की न्यूमोनिया?

धाकटी : ते रेघ सांगत नाही. कुठं आहे त्यावरून अंदाज. हृदयाचं पाणी कुत्र्यात बहुधा मागच्या-वरच्या भागात आणि हृदयाच्या बुडाशी, गिळताना गेलेलं पुढच्या-खालच्या भागात. विजेची वायर चावलेल्या पिल्लातही मागच्या-वरच्या भागात पाणी होतं, आणि त्याचं हृदय ठणठणीत असतं. अण्णा, तुमच्या कूलरची ही वायर जमिनीवर लोंबतेय, ती वर बांधा आधी.

मामा : बांधतो. पण एक ऐक. व्हिएन्नाला औएनब्रुगर म्हणून डॉक्टर होता, खानावळवाल्याचा पोरगा. बाप दारूच्या पिंपावर टिचकी मारून किती भरलंय ते ओळखायचा, पोरानं तीच टिचकी माणसाच्या छातीवर मारली. १७६१ मध्ये पुस्तक लिहिलं. लेनेकचा स्टेथोस्कोप १८१६चा, राँटजेनचे किरण १८९५चे. म्हणजे यंत्र यायच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधी लोक बोटानं छातीतलं पाणी ओळखत होते. मी बैलावर ओळखलंय. भद्द वाजतं.

धाकटी : बैलावर वाजतं. साडेचार किलोच्या छातीवर तुमच्या दोन बोटांतच तिचं निम्मं फुप्फुस झाकलं जातं.

मामा : कबूल. पण पापणी तर उलटता येते? तुझ्याकडं येणाऱ्या लोकांना सांग, कुत्रं धापा टाकतंय म्हणजे फुप्फुसच असं नाही. आपल्याकडं गोचीड किती. गोचीड-तापानं रक्त उतरतं, हिरडी पांढरीफटक होते, आणि रक्त कमी म्हणून श्वास वाढतो. फुप्फुस स्वच्छ. तिथं तू दहा फोटो काढ, काही सापडणार नाही.

धाकटी : खरंय. हिरडी निळसर असेल तर प्राणवायू कमी, पांढरी असेल तर रक्त कमी. आणि गोचीड-तापात रक्त गोठवणाऱ्या पेशीही घसरतात, म्हणून छातीत सुई घालण्याआधी मी रक्त तपासतेच. पण रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्या नाहीत म्हणून न्यूमोनिया नाही, असं मात्र म्हणता येत नाही. त्यात मी फसले आहे.

आता फोटोंची वेळ आली. मामांनी चष्मा बदलला. श्वासनळी मानेतून छातीत शिरते तिथं ती अरुंद दिसत होती, हे मलाही कळलं. मग धाकटीनं तो ठिपका मोठा केला. कुशीवरच्या फोटोतला नव्हे, तिसऱ्या, उभ्या फोटोतला. उजव्या बाजूला, सहाव्या-सातव्या बरगडीच्या मध्ये.

धाकटी : सडाजवळची गाठ काढली होती तेव्हा छाती स्वच्छ होती. अशा गाठी वाईट निघाल्या तर पसरायची एक नेहमीची जागा फुप्फुस. फोटोत पाचेक मिलिमीटरच्या आतली गाठ दिसतच नाही. ही सहा-सात मिलिमीटरची आहे. एक दिसतेय, तर न दिसणाऱ्या किती असतील ते सीटी स्कॅनच सांगेल. मी अक्काला म्हणाले, मुंबईला जाऊ. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ला सुरू झालंय.

मामा : रात्रभराची रेल्वे. फर्स्ट एसीचं अख्खं कूपे घेतलं तर जवळ बसवता येईल, नाहीतर गार्डाच्या डब्यातला पिंजरा. या उन्हात, नळी चपटी झालेलं जनावर पिंजऱ्यात रात्रभर घाबरून भुंकत जाणार. आणि कळलं, की अजून चार गाठी आहेत. मग काय करणार आहेस?

धाकटी : कळेल तरी.

मामा : कुणाला? तिला तर कळून काही नको आहे.

धाकटी : अक्काला कळेल, किती दिवस हातात आहेत ते. गावाला जायचं, घर बदलायचं, कुणाकडं ठेवायचं, माणसं हे सगळं त्यावर ठरवतात. न सांगता नुसतं गोळ्या देत राहणं मला फसवणूक वाटते.

मामा : आणि मला वाटतं, जे केल्यानं उपचार बदलत नाही ती तपासणी जनावराच्या अंगावर करू नये.

यात कोण बरोबर, ते मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही. धाकटीला पग आठवत होता आणि तरीही ती जाणण्याच्या बाजूनं होती. मामांनी आयुष्यभर अंदाजावर औषधं दिली आणि आता ते जनावराच्या एका रात्रीच्या भीतीचाही हिशेब मागत होते. दोघंही चिंगीच्याच बाजूनं भांडत होते, म्हणून मला कुणाचीच बाजू घेववेना.

मामा बोलत असताना त्यांचा हात चिंगीच्या पोटाखाली होता. केसांच्या आतून बोटं हळूहळू फिरत होती, बैलाच्या अंगावरची गोचीड शोधतात तशी. उजव्या बाजूला एका जागी ती थांबली.

मामा : बरगड्या मोज गं.

धाकटी : (हात लावून) चार, पाच, सहा... सहा-सातच्या मध्ये.

मामा : सड आहे. पुढचा. फुगलेला, कडक. केसांत दिसत नाही.

धाकटी गप्प झाली. मग फोटो परत उघडला, डावी बाजू बघितली. तिथं तसा ठिपका नव्हता.

धाकटी : डावीकडं का नाही मग?

मामा : डावीकडचा सड मऊ आहे, बसलेला आहे. बघ.

धाकटी : सडाची सावली फुप्फुसावर पडते हे आम्हाला शिकवलंय, अण्णा. भरलेली गोचीडही तशीच दिसते. दोन्हीकडं सारखी असली की ओळखू येते. एकीकडंच होती आणि गाठीचा इतिहास होता, म्हणून मी घाबरले. पण हे सड आहे असं तुमच्या बोटावरून मी मानणार नाही. उद्या सडाला बेरियमचा ठिपका लावून पुन्हा फोटो घेते. ठिपका बेरियमखाली झाकला गेला तर सड, वेगळा उभा राहिला तर गाठ.

मामा : घे की. मी कुठं नको म्हणतो.

जेवताना विषय श्वासनळीचा निघाला. तिथं दोघांचं लगेच जमलं. गळ्यातला पट्टा आजपासून बंद, छातीवर बसणारा पट्टा घ्यायचा. अर्धा किलो तरी वजन उतरवायचं. देवघरातला धूप आणि डासांची कॉइल तिच्या खोलीत नको. कुत्र्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं. दुपारी बारा ते पाच बाहेर काढायचं नाही. माणसांचं खोकल्याचं औषध तर मुळीच नाही, त्यात पॅरासिटामॉल किंवा नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असलं तर एवढ्याशा जिवाला ते विष ठरू शकतं. आणि खोकला न्यूमोनियाचा असेल तर तो दाबणंच चूक, कारण घाण बाहेर काढायला कुत्र्याकडं तेवढंच हत्यार आहे.

निघताना मी विचारलं, घरी मी काय बघू?

दोघांनी एकदम उत्तर दिलं, आणि ते एकच होतं. झोपेतले श्वास. चिंगी गाढ झोपली की छाती वर गेली-खाली आली, तो एक. अर्धा मिनिट मोजायचे, दुप्पट करायचे, तारखेसह वहीत लिहायचे. धाप टाकताना, उन्हातून आल्यावर, स्वप्नात पाय हलवताना मोजायचे नाहीत. मिनिटाला तीसच्या आत असले तर ठीक. एखाद्या रात्री तीसच्या वर गेले तर तासाभरानं पुन्हा मोजायचे. तरीही वरच राहिले, चढत गेले, तर खोकला असो-नसो, रात्र असो-दिवस असो, धाकटीला उठवायचं. फुप्फुसात पाणी व्हायला लागलं की बरेचदा हा आकडा बाकीच्या खुणांच्या आधी हलतो.

मामा : हे मला मुखेडला कुणी सांगितलं असतं तर मालकालाच मोजायला बसवलं असतं.

सोमवारी संध्याकाळी धाकटीनं फोटो घेतला. बेरियमचा ठिपका आणि पांढरा डाग एकमेकांवर नेमके बसले. तिनं आणखी दोन फोटो घेतले, तरी समाधान होईना, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तीन फोटो घ्यायचे आणि तेव्हाही काही शंका आली तर मुंबईचं बघायचं, असं ठरलं. मामांना ते पटलं नाही. दोघांचं त्यावर फोनवर पुन्हा वाजलं.

रात्री साडेदहाला मामांचा मला फोन आला. फोटोचं त्यांनी विचारलंच नाही.

"किती?"

"एकवीस."

"काल?"

मी वही उघडली.